आधी पायपीट, मग प्रश्नावली

गेल्या वर्षी आमच्या वर्गाने एक क्षेत्रप्रकल्प केला. विषय होता 'शहरातील तलाव आणि नागरिक'. प्रत्येक गटाला एक तलाव, पन्नास प्रश्नावल्या आणि पंधरा दिवस मिळाले. आमच्या गटाच्या वाट्याला ठाण्याचा मासुंदा तलाव आला. पहिल्या संध्याकाळी आम्ही पाच जण तलावपाळीवर गेलो आणि बाकावर बसलेल्या एका आजोबांच्या हाती कागद दिला. पहिला प्रश्न असा होता : 'आपण तलावावर कशासाठी येता? (अ) व्यायाम (आ) करमणूक (इ) विश्रांती (ई) इतर.' आजोबांनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "पोरांनो, तुम्ही स्वतः इथं कधी येता का?"

खरे उत्तर 'नाही' असे होते. आमच्यातले तिघे डोंबिवलीचे, एक कल्याणची, आणि जो ठाण्याचाच होता तो राहायला घोडबंदर रोडला. आमच्यापैकी चौघांचे ठाणे म्हणजे स्टेशन ते कॉलेज आणि कॉलेज ते स्टेशन. आम्ही हसून वेळ मारून नेली. आजोबांनी 'इतर'पुढे खूण केली, आणि त्याच्या पुढची रेघ रिकामी ठेवली. 'इतर म्हणजे काय?' हे आम्ही विचारले नाही, कारण अजून एकोणपन्नास कागद भरायचे होते.

त्यातले निम्म्याहून अधिक कागद आम्ही कॅन्टीनमध्ये बसून भरले. टक्केवारी काढली, रंगीत वर्तुळालेख काढले, शेवटी 'निष्कर्ष व शिफारशी' लिहिल्या, आणि त्या फाइलला चांगले गुण पडले. वार्षिकांकातून असले कबुलीजबाब देण्याची प्रथा नाही हे मी जाणतो. तरीही हे लिहितो आहे, कारण गुण कमी पडले असते तर मी हा प्रकार विसरून गेलो असतो. चांगले गुण पडले म्हणूनच तो अजून खुपतो आहे. शंभराच्या वर विद्यार्थ्यांच्या फाइली तपासणाऱ्या शिक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्या क्रमाने आम्ही काम केले तो क्रमच चुकीचा होता, असे माझे मत आहे. आणि योग्य क्रम कोणता, हे एका प्राध्यापकाने शंभर वर्षांपूर्वी याच ठाणे शहराच्या बाबतीत दाखवून दिले होते.

त्या प्राध्यापकाचे नाव पॅट्रिक गेडिस. समाजशास्त्राच्या पुस्तकात त्यांचे नाव एका वाक्यापुरते येते : '१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस होते.' परीक्षेला एवढे पुरते. पण माणूस एका वाक्यात मावणारा नव्हता. १८५४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा मनुष्य मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने आयुष्यात विद्यापीठाची पदवी घेतली नाही, ही गोष्ट परीक्षेच्या दिवसांत आपल्यासारख्यांना फारच दिलासा देणारी आहे! तरुणपणी मेक्सिकोत संशोधनासाठी गेला असता त्याची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकावरचे काम अवघड झाले, आणि झाडाझुडपांकडे पाहण्याची त्याची सवय शहरांकडे वळली. झाड जसे माती, पाणी आणि ऊन यांच्यापासून तोडून समजत नाही, तसा माणूसही त्याच्या जागेपासून आणि कामापासून तोडून समजत नाही, हा त्याच्या साऱ्या विचारांचा गाभा. 'स्थळ, काम, लोक' ही त्रिसूत्री त्याने आयुष्यभर शिकवली.

एडिंबरोत अध्यापनाबरोबरच तो पत्नीसह जुन्या शहरातल्या पडक्या, गलिच्छ चाळवजा वस्तीत राहायला गेला आणि तिथली घरे व अंगणे दुरुस्त करू लागला. १८९२ पासून तिथलाच एक मनोरा त्याने आपली प्रयोगशाळा केली. पाहणाऱ्याने आधी थेट गच्चीवर जायचे, तिथून भोवतालचे शहर पाहायचे. मग एकेक मजला उतरताना प्रथम एडिंबरो, नंतर स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषिक देश, युरोप आणि अगदी तळाला जग, अशी मांडणी. वर एक लहानशी खोली मुद्दाम रिकामी ठेवली होती. पाहिलेल्याचा विचार करत एकट्याने बसण्यासाठी. आमचा अभ्यासक्रम नेमका उलट्या जिन्याने चढतो. फ्रान्स आणि जर्मनीच्या विचारवंतांपासून आम्ही सुरुवात करतो, अमेरिकेतल्या शिकागो शहराची वर्तुळे पाठ करतो, आणि डोंबिवलीपर्यंत येईतो मार्च महिना उजाडतो.

१९१४ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, गेडिस हिंदुस्थानात आले. सोबत नगररचनेचे मोठे प्रदर्शन पाठवले होते. पण पहिल्या महायुद्धात 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने ते जहाजच बुडवले. दुसरा कोणी परत गेला असता. यांनी मित्रांकडून नकाशे आणि चित्रे पुन्हा गोळा करवली आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा झाला, आणि गेडिस यांनी इलाख्यातली काही गावे पाहून अहवाल लिहिले. त्यांत सुरत, अहमदाबाद अशी मोठी शहरे होती, वांद्रे होते, आणि आपले ठाणेही होते.

त्या काळच्या अभियंत्यांची रीत अशी होती की कचेरीत नकाशा पसरायचा, पट्टी ठेवायची आणि वस्तीतून सरळ रस्ता आखायचा. मध्ये आलेली घरे पाडायची. तळे दिसले की ते मलेरियाचे घर समजून बुजवायचे. गेडिस यांनी या रीतीला विरोध केला. ते भल्या पहाटे गल्लीबोळांतून चालू लागत, आणि दुपारपर्यंत चालत राहत. कुठले घर पडके पण रिकामे आहे, कुठल्या पाराखाली लोक बसतात, कुठल्या विहिरीवर बायका थांबतात, हे टिपून घेत. मग एखादेच पडके घर काढून तिथे मोकळा चौक करावा, बोळ थोडा रुंद करावा, बाकी वस्तीला हात लावू नये, असे सुचवत. या पद्धतीला त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा दिली : कापायचे ते कमीत कमी, आणि वाचवायचे ते जास्तीत जास्त. तळ्यांविषयीही त्या वर्षांतल्या अहवालांतून त्यांचे मत स्पष्ट आहे. तळे स्वच्छ ठेवा, त्यात मासे आणि बदके सोडा. डासांच्या अळ्या तेच खातील. तळे बुजवले तर गावाचा गारवा, धुण्यापाण्याची सोय आणि पावसाचे पाणी जिरण्याची जागा ही सारीच जातील.

यातला क्रम ध्यानात घ्यावा. आधी चालणे, मग पाहणे, मग विचारणे, आणि सर्वांत शेवटी सुचवणे. आम्ही शिफारशी आधी ठरवल्या होत्या, प्रश्न त्यांना जुळवून काढले होते, आणि चालणे तर झालेच नव्हते.

१९१९ ते १९२४ या काळात गेडिस मुंबई विद्यापीठात शिकवत होते. ते आदर्श वक्ते होते असे समजण्याचे कारण नाही. ते दाढीतल्या दाढीत पुटपुटल्यासारखे बोलत, विषयावरून विषयावर जात, आणि पुष्कळांना ते कळत नसत, असे त्यांना ऐकलेल्यांनीच लिहून ठेवले आहे. पण शिष्य ओळखण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. मालवणात १८९३ मध्ये जन्मलेले, संस्कृतचे एम.ए. असलेले गो. स. घुर्ये यांनी त्यांच्यासाठी एक निबंध लिहिला. विषय होता मुंबई : एक नागरी केंद्र म्हणून. संस्कृतच्या पंडिताला त्यांनी मनूवर लिहायला सांगितले नाही. ज्या शहरात तो राहतो आहे त्या शहरावर लिहायला लावले. तो निबंध आवडला आणि घुर्ये यांना विलायतेला जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली. परत आल्यावर १९२४ मध्ये तेच विभागाचे प्रमुख झाले. पुढे घुर्ये यांची वाट निराळी झाली, ग्रंथांकडे आणि मानववंशशास्त्राकडे ती अधिक वळली. तरी पुणे जिल्ह्यातल्या लोणीकंद गावाचा त्यांनी केलेला अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला, तो सव्वाशे वर्षांच्या अंतराने एकच गाव पुन्हा पाहण्याचा प्रयत्न होता. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी तर पायपिटीला शास्त्राचा दर्जा दिला. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी आणि आठवडी बाजारांचा अभ्यास ही त्यांची शेवटच्या वर्षांतली कामे. बाजार हे खरेदी-विक्रीचे ठिकाण, पण तिथे सोयरिकी जुळतात आणि बातम्याही फिरतात, हे बाजारात हिंडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे ही परंपरा परकी नाही. ती आपल्याच विद्यापीठांत रुजली होती. आपण तिची फाइल केली.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. 'प्लेसमेकिंग' हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. मराठीत आपण त्याला 'ठिकाण घडवणे' म्हणू. आपल्या भाषेत 'जागा' आणि 'ठिकाण' यांत फरक आहे. जागा चौरस फुटांवर मोजतात आणि विकतात. ठिकाणी मात्र कोणीतरी कोणाला भेटते; 'ठावठिकाणा' नसलेल्या माणसाची आपल्याला कीव येते. शिलाहारांच्या काळात ठाण्याचे नाव श्रीस्थानक होते. म्हणजे 'स्थान' हेच ज्या शहराचे नाव, तिथे राहून आपण ठिकाणाचा विचार करू नये, हे जरा गमतीचेच आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवडली गेली. मासुंद्याला काचेचा पदपथ आला, कल्याणच्या काळ्या तलावाचे सुशोभीकरण झाले. मी सुशोभीकरणाच्या विरुद्ध नाही. दिवे लागले, फरशी बसली, आईला चालायला नीट वाट मिळाली, यात वाईट काय? पण कंत्राटाने जागा तयार होते. तिथे ठिकाण घडेल की नाही, हे तिथे येणारी माणसे ठरवतात, आणि ती कधीकधी कोणत्याही योजनेशिवायही ठरवून टाकतात.

डोंबिवलीचा फडके रोड पाहा. एरवी तो रिक्षा, फेरीवाले आणि खरेदीदार यांच्या गर्दीचा साधा रस्ता. पण दिवाळीच्या पहाटे, अभ्यंगस्नान आटोपून, गणेश मंदिरात दर्शन घेऊन, साऱ्या डोंबिवलीची तरुण मंडळी नवे कपडे घालून तिथे उभी असतात. जुने शाळासोबती भेटतात, परगावी नोकरीला गेलेले परत आलेले असतात, आणि कित्येकांची लग्ने तिथे जमली असे मोठी माणसे डोळे मिचकावून सांगतात. याचा ठराव कोणत्या सभेत मंजूर झाला? याच मंदिराच्या पुढाकाराने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली, आणि ती प्रथा पुढे इतर शहरांनीही उचलली. किंवा शेजारचे उल्हासनगर घ्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकी मिळाल्या. १९४९ मध्ये तिला शहराचे नाव मिळाले, पण शहरपण दिले ते त्या कुटुंबांनी, बराकीपुढे दुकान थाटून.

गेडिस यांनी इंदुरात याच शक्तीचा उपयोग केला. १९१७-१८ च्या सुमारास शहरात प्लेगची भीती होती. होळकर दरबाराने त्यांना एका दिवसापुरते महाराज केले. दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न नेता, ज्या मोहल्ल्यांनी आपले रस्ते आणि घरे सर्वांत स्वच्छ केली असतील तिकडून नेण्यात येईल, असे त्यांनी जाहीर केले. मग काय! लोकांनी गाड्याच्या गाड्या भरून कचरा उपसला. मिरवणुकीत एक अजस्र उंदीर होता, घाणीचा राक्षस होता, झाडूवाल्यांना मानाचे स्थान होते, आणि घरोघरी लावायला तुळशीची रोपे वाटली गेली. आरोग्य खात्याच्या शंभर नोटिशींनी जे झाले नसते, ते एका सणाने झाले. शिक्षक म्हणून त्यांचे सामर्थ्य इथे दिसते : लोक जे आधीच करत होते ते त्यांनी नीट पाहिले होते.

तथापि गेडिस यांची त्रिसूत्री आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही, हेही म्हणायला हवे. ते डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या खोऱ्याचा उभा छेद काढून शिकवत : वर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, मध्ये धनगर आणि शेतकरी, खाली कोळी. आपले उल्हास नदीचे खोरे या छेदाला सुरेख जुळते. वर ठाकूर आणि कातकरी, मधल्या पट्ट्यात भातशेती, खाली खाडीकाठी आगरी आणि कोळी, मिठागरे, आणि कल्याणचे बंदर. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आहेत, आणि बंदरातला माल नाणेघाटाने वर देशावर चढत असे. तिथे स्थळ, काम आणि लोक एकत्र नांदत होते. मग १६ एप्रिल १८५३ ला आगगाडी ठाण्याला आली, १ मे १८५४ ला कल्याणला पोचली, आणि हळूहळू या तिघांची फारकत झाली. आज आमचे स्थळ डोंबिवलीत, काम मुंबईत, आणि लोक या दोहोंच्या मध्ये चौथ्या सीटवर अंग चोरून बसलेले. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेत १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाख ४७ हजार माणसे मोजली गेली. त्यांतली किती दिवसाउजेडी आपले गाव पाहतात? म्हणूनच लोकलचा डबा हेही एक ठिकाण मानून अभ्यासले पाहिजे. त्यात भजन होते, हळदीकुंकू होते, भाजी निवडली जाते, निवृत्तीचा निरोप समारंभ होतो. गेडिस असते तर त्यांनी आम्हाला वर्गातून उठवून सकाळच्या फास्ट गाडीत बसवले असते, किंवा उभे केले असते असे म्हणणे अधिक बरोबर!

आणखी एक मर्यादा अधिक गंभीर आहे. गेडिस यांना बोलावणारे गव्हर्नर आणि संस्थानिक होते, आणि त्यांच्या पुष्कळ सूचना कागदावरच राहिल्या. तळे वाचवा, त्यात मासे सोडा, हे त्यांनी सांगितले. पण त्या तळ्याचे पाणी कोणी प्यायचे? १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव केला, महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, आणि त्यानंतर त्यांच्या लोकांना मार खावा लागला. ठिकाण म्हटले की 'आपले' ठिकाण येते, आणि 'आपले' म्हटले की कोणीतरी 'परके' ठरते. ही गोष्ट जो शिकवत नाही, त्याने ठिकाणाचे शास्त्र अर्धेच शिकवले. आजही तलावाच्या फाटकाला कुलूप किती वाजता लागते, फेरीवाल्याला कोण उठवते, रात्रपाळी करून आलेला रखवालदार बाकावर आडवा झाला तर त्याला दम कोण देते, हे पाहिले पाहिजे. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत घेतली, २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली. त्या गावांतल्या माणसाला आपण गावकरी की शहरवासी असे वाटते, हा प्रश्न कुठल्या प्रश्नावलीत (अ), (आ), (इ) करून विचारता येईल?

माझे मित्र म्हणतील, हे सगळे ठीक आहे, पण पदवी घेऊन नोकरी शोधायची आहे. तलावावर बसून कोणाचे पोट भरले? प्राध्यापक म्हणतील, वर्गात एवढी मुले, अभ्यासक्रम संपवायचा, परीक्षा, उत्तरपत्रिका. पायपिटीला वेळ कुठला? दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक मिळू लागले आहेत, म्हणजे वेळ आम्हाला द्यावाच लागणार आहे. मग तो खोटे कागद भरण्यात घालवायचा की खरे पाहण्यात, एवढाच प्रश्न उरतो. आणि नोकरीचे म्हणाल, तर ज्याला समोरचा माणूस काय म्हणतो हे ऐकून नीट लिहिता येते, तो कोणत्याही कचेरीत उपाशी राहणार नाही असे मला वाटते.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली : दर वर्षी नवा विषय नको. महाविद्यालयाने एकच तलाव, एकच नाका किंवा एकच स्टेशन परिसर घ्यावा आणि तो एका वर्गाने पुढच्या वर्गाकडे सोपवावा. घुर्ये यांना लोणीकंदला सव्वाशे वर्षांपूर्वीचा वृत्तांत मिळाला म्हणून तुलना करता आली. आपल्या मागून येणाऱ्यांना आपण काय देणार? दुसरी : पहिला महिनाभर प्रश्नावली बंद. निरनिराळ्या वेळी जाऊन फक्त पाहायचे आणि वहीत लिहायचे. शिक्षकांनीही एकदा तरी सोबत चालावे. आम्ही काय पाहत नाही हे ते तिथेच दाखवू शकतील. तिसरी : बाहेर पडण्याआधी गावातली कागदपत्रे पाहावीत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८२ चे आहे. आम्ही या संस्थांकडे स्पर्धापरीक्षेची अभ्यासिका म्हणूनच पाहतो. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : लिहिलेला अहवाल ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापुढे, तिथेच, मराठीत वाचून दाखवावा. त्यांनी काढलेल्या चुका अहवालात छापाव्यात आणि त्या चुकांनाही गुण द्यावेत. असे केले तर कॅन्टीनमध्ये कागद भरण्याची हिंमत कोणाची होणार नाही, कारण जी माणसे कधी भेटलीच नाहीत त्यांच्यापुढे वाचायचे काय?

या वर्षी गुणांचा प्रश्न नसताना आम्ही तिघे दिवाळीपासून दर गुरुवारी मासुंद्यावर जातो. कधी सकाळी सहाला, कधी दुपारी, कधी रात्री दिवे मालवण्याच्या सुमारास. दुपारी दोन घरांच्या कामांच्या मधल्या तासात तिथे चार मावश्या डबा खायला येतात. एकीचा डबा उघडला की तो चौघींचा होतो. कोपिनेश्वराहून येणाऱ्या एक बाई रोज त्याच कठड्याशी थांबतात आणि गाडीची वेळ झाली की निघतात. एका बाकावर दोन निवृत्त गृहस्थ तासभर बसतात आणि जवळजवळ काहीच बोलत नाहीत. यांतले कोणीही व्यायाम, करमणूक किंवा विश्रांती या तीन घरांत नीट बसत नाही. आमच्या तक्त्यात 'इतर' सहा टक्के होते. आता वाटते, तो आकडा आम्ही आमच्या सोयीने ठेवला होता. आमच्या प्रश्नावर खूण करणारे आजोबा मात्र अजून पुन्हा दिसले नाहीत.

जे पाहिले ते एका दोनशे पानी वहीत तारीख-वार लिहिले आहे. अक्षर तिघांचे तीन तऱ्हेचे आहे आणि अनुमाने फारशी नाहीत. परीक्षेनंतर ती वही विभागाच्या ग्रंथालयात देणार आहोत. पुढच्या वर्षीच्या मुलामुलींनी तिच्यातले चुकले असेल ते खोडावे आणि उरलेली पाने भरावीत. मात्र आधी तलावपाळीवर जाऊन थोडा वेळ बसावे, एवढी विनंती.